गदा

"आधी तो 'पैलवान' शब्द झाका," प्रसेनजीत म्हणाला.

मंगळवार पेठेतल्या मंडळाच्या मांडवाबाहेर दहा फुटी डिजिटल फलक लागला होता. 'पैलवान प्रसेनजीत धोंडीराम कुरणे यांचा जाहीर सत्कार.' खाली त्याचा फोटो, आणि फोटोत ठळक दिसणारे त्याचे मोडलेले कान.

"काल रात्रीच छापून आलाय," मंडळाचा सेक्रेटरी बाळासो म्हणाला. "आनि चूक काय हाय त्यात? कान बघा की तुमचं!"

कोल्हापुरात मोडका कान म्हणजे पदवी. कान बघितला की माणसं तालमीचं नाव विचारतात, दूध पाजतात, बसायला जागा करून देतात. दुसरं काही त्यांच्या डोक्यातच येत नाही. प्रसेनजीतचे कान रग्बीत मोडले होते. आठ विरुद्ध आठ माणसं वाकून एकमेकांत डोकी खुपसतात आणि बैलासारखी रेटतात. त्यात तो पहिल्या रांगेत असायचा. ब्याण्णव साली सैन्यात भरती झाला, तिथं हा खेळ शिकला. भारताच्या जर्सीत नऊ सामने खेळला. कोलंबोच्या एका क्लबाने त्याला दोन हंगाम पगारावर ठेवलं. गेल्या वर्षी, दोन हजार पाचमध्ये, मानेचा मणका मोडला, सगळं संपलं आणि तो पेठेत परतला. यातलं एक अक्षरही फलकावर नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला, मी पैलवान हाय म्हणून?"

"तुमच्या आईनं," बाळासो म्हणाला. "आज न्हाय, लई वर्सं झाली."

प्रसेनजीत तरातरा मांडवात गेला. बनाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

"आई, तू सांगितलंस?"

तिने नजर चुकवली नाही. "पयल्या सुट्टीला आलास तवा तुजा कान ह्यो एवढा सुजलावता. नळावर बायकांनी इचारलं. म्या म्हटलं, बॉलचा कसला तरी खेळ खेळतोय. तर हसल्या सगळ्या. एवढा घोडा झालाय आनि बॉल खेळतोय व्हय, म्हनून. पुढच्या खेपंला त्यातलीच चिमणाबाई आपनच म्हनली, पोरगा तालमीत हाय वाटतं. म्या न्हाय म्हटलं न्हाय. तिनं माजी घागर उचलून रांगंत पुढं लावली."

"एका घागरीपायी?" त्याचा आवाज चढला. मागच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली. "तेरा वर्सं घाम गाळला मी. मान मोडली. कुणाची मोडली ती? पैलवानाची?"

"मान मोडली ते तरी मला कुठं सांगितलंस?" बनाबाई तितक्याच जोरात म्हणाली. "जरा अवघडलीया म्हनलास. मला ते तुज्या दोस्ताकडनं कळलं, तीन म्हैन्यांनी."

तेवढ्यात माइकवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. अर्थात पैलवान म्हणूनच.

प्रमुख पाहुणे होते हंबीरराव, पेठेतले जुने मल्ल. त्यांचेही कान मोडलेले, पंचाहत्तरीतही छाती ताठ. त्यांनी प्रसेनजीतला फेटा बांधला, शाल घातली. प्रसेनजीतने त्यांच्या हातातला माइक जवळजवळ ओढूनच घेतला.

"मी पैलवान न्हाय," तो म्हणाला. "जन्मात कधी तालमीच्या हौद्यात, लाल मातीत उतरलो न्हाय. मी रग्बी खेळलो. भारताकडनं खेळलो."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा!" हंबीरराव गहिवरून म्हणाले. "एवढा मोठा मल्ल, पर किती लहानपन घेतोय! आनि वर ह्यो दुसरा खेळ सुद्धा येतोय!"

प्रसेनजीतला वाटलं, माइक आपटावा आणि चालू पडावं. त्याआधीच बाळासोने गदा आणली. चांदीच्या पत्र्याने मढवलेली, आठ-दहा किलोची. फोटोवाला पुढे सरसावला.

"खांद्यावर घ्या, पैलवान!"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मानेवर भार नको. पाण्याची बादलीसुद्धा नको.

"उचला की! लाजताय काय!" मांडव ओरडू लागला. कुणीतरी शिट्टी मारली. प्रसेनजीत दात आवळून गदेकडे बघत राहिला. मग खाली वाकला आणि त्याने मूठ धरली. चिडलेला माणूस काहीही करतो.

"सोड ती!"

बनाबाई पायऱ्या चढून वर आली होती. तिने त्याच्या हातातून मूठ सोडवली आणि दोन्ही हातांनी ती गदा उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. साठीची बाई, भाराने एका बाजूला कलली. फोटोवाल्याने गोंधळून बटण दाबलं, मांडवात पुन्हा टाळ्या पडल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" ती गरजली. तिला माइक लागला नाही. नळावर भांडून तयार झालेला आवाज होता तो. "माज्या ल्योकाच्या मानंचं हाड मोडलंय. त्यो खरं बोलतोय. त्यो पैलवान न्हाय. खोटी मी हाय, तेरा वर्सं. त्यो रग्बी खेळायचा."

टाळ्या थांबल्या. बाळासो फलकाच्या दिशेने बघू लागला. पहिल्या रांगेत चिमणाबाईने तोंडाला पदर लावला.

बनाबाईने गदा हंबीररावांच्या पायाशी ठेवली. धाप लागली होती तिला.

"अण्णा, तुमचं कान कुनी मोडलं, कवा मोडलं, समद्या पेठंला तोंडपाठ हाय," ती म्हणाली. "आता ह्याला इचारा. ह्याचं कशानं मोडलं."

हंबीररावांनी नकळत स्वतःच्या कानाला हात लावला. बनाबाई कमरेवर हात ठेवून गदेशेजारी उभीच राहिली. कुणीतरी विचारल्याशिवाय ती खाली उतरणार नव्हती.