सगळ्यात आजारी मूल आधी

चौथा रविवार.

"बाई, तुमी दुसऱ्या खाटंकडं जावा. हितं न्हाई बसायचं."

बनुबाई लेकीच्या खाटेपुढे आडवी उभी. कर्जतकडची, अंगानं काडी. पण हलेना.

"गोष्टच सांगायचीय तिला," दमयंती म्हणाली.

"तुमी ज्याच्यापाशी बसता त्ये पोर ऱ्हात न्हाई. तीन झाली."

तीन झाली होती. खोटं कसं म्हणणार?

दुसरं महायुद्ध संपलं त्या पावसाळ्यात दमयंती, लीना आणि नीलांबरी या शाळेपासूनच्या मैत्रिणींनी हे काम काढलं होतं. दर रविवारी नगरच्या इस्पितळातल्या मुलांपाशी बसायचं, गोष्टी सांगायच्या. सगळ्यात आजारी मूल आधी, हा नियम दमयंतीचाच. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एका आईची तक्रार आली की तुमचं येणं बंद.

दमयंतीनं पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मग सरळ फरशीवर बसली.

"बनुबाई, डॉक्टर आधी कुणाकडे धावतो? जास्त दुखणाऱ्याकडेच ना? मग काय डॉक्टर मारतो?"

"त्येचं बी काय सांगावं."

नीलांबरीला हसू आवरेना. बनुबाईही हसली. जागची मात्र हलली नाही.

"मी मास्तरीण आहे. शाळेतल्या पोरांना, घरी माझ्या माधवला खोटं शिकवत नाही, तुम्हाला कशी सांगेन? असलं काही नसतं."

बनुबाईनं लेकीचं पांघरूण नीट केलं. मग एक पाऊल सरकली. एकच.

आठवा रविवार.

बनुबाईची रंगू बरी होऊन आईच्या कडेवर घरी गेली. आता आयाच हाका मारायला लागल्या. "बाई, आमच्याकडं बी या की."

अकरावा रविवार.

लीना नि नीलांबरी टांग्यातून उतरल्या तेव्हा दमयंती वॉर्डात होती. पहाटेच आल्यात, नर्स म्हणाली. केसही विंचरलेले नव्हते.

"वेड लागलंय हिला या कामाचं," नीलांबरी पुटपुटली.

कोपऱ्यात नवी खाट. भिंतीकडे तोंड करून, डोक्यापर्यंत पांघरलेलं मूल. ताप उतरत नाही, नर्सनं सांगितलं. वॉर्डात सगळ्यात आजारी तेच.

"म्हणजे इथूनच सुरुवात." लीनानं स्टूल ओढलं.

दमयंतीनं ते धरून ठेवलं.

"दुसरीकडे बस."

"अगं, नियम तुझाच ना?"

"लीना, पाया पडते तुझ्या. आमचा माधव आहे तो."