गिळा, मॅडम

"पाणी तोंडात धरा, मॅडम. आता गिळा."

ज्योत्स्ना मॅडमनी गिळलं. मागं उभ्या असलेल्या मुलीची बोटं त्यांच्या गळ्याला लागली न लागली तोच उचलली गेली. "गाठ नाही, सूज नाही, नॉर्मल," ती पाढे म्हटल्यासारखी बोलली.

"जा. पुढची," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. शहाण्णवचा ऑक्टोबर तापत होता, त्यात दिवसभर बोलायचं. आवाज बसायचाच, असं त्या म्हणत.

बारामतीच्या या नर्सिंग शाळेत हातानं तपासायला त्याच शिकवायच्या. नाडी, पोट, गळा. पूर्वी परीक्षा वॉर्डातल्या पेशंटवर व्हायची. पण काटेवाडीच्या रंगुबाईनं एकदा खाट सोडली आणि व्हरांड्यात ठाण मांडलं. "रोग परवडला, ह्या पोरी नगंत. चौघींनी गळा दाबला माजा." तेव्हापासून पेशंट म्हणून स्टुलावर मॅडम स्वतःच बसू लागल्या. आता मॅडमचा गळा चाचपायची कुणाची टाप आहे? पोरी देवाच्या पायाला लावावा तसा हात लावायच्या, नॉर्मल म्हणायच्या आणि सुटायच्या. मॅडमना हे कळत नव्हतं थोडंच! पण वीस वर्षं तेच तेच सांगून माणूस दमतं. त्या सगळ्यांना पास करून टाकायच्या.

अडली होती ती एकटी कळंबची रेश्मा. मागच्या खेपेला या बाईनं "गाठ हाय" म्हणून सांगितलं. भिंतीला टेकून बसलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. मॅडमनी मान वर न करता तिला नापास केलं. "नसलेलं हाताला लागायला लागलं तर पेशंट मारशील," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर सहा महिने रेश्मा वॉर्डाच्या दारातून आत बघत राहिली.

आज शेवटची संधी होती. तिचा बाप सावळाराम सकाळच्या एस.टी.नं येऊन फाटकाशी बसला होता. "या खेपेला न्हाय झालं तर पिशवी उचलायची आन् गुमान घरी यायचं," त्यानं बजावलं होतं. "इंदापूरचं स्थळ किती दिस खोळंबून ऱ्हाईल?" रेश्माला स्थळ नको होतं. तिला नर्स व्हायचं होतं, बस्स.

मैत्रीण अंजलीनं दारातच तिचा दंड धरला. "उगा शाणपणा करू नगंस. नॉर्मल म्हण आन् बाहेर ये. एका शब्दाचं तर काम हाय."

रेश्मानं मान डोलावली. ती मॅडमच्या मागं जाऊन उभी राहिली. तळहात एकमेकांवर घासून तिनं ऊब आणली. हे मॅडमनीच शिकवलं होतं. मग बोटं गळ्यावर ठेवली ती ठेवलीच.

"गिळा, मॅडम."

मॅडमनी गिळलं.

"आनखी एकदा."

पुन्हा गिळलं. तिसऱ्या घोटाला पाणी हनुवटीवरून पांढऱ्या पदरावर सांडलं. दारातून अंजली डोळ्यांनी खुणावत होती. म्हण की, एकदाचं म्हण. तो शब्द रेश्माच्या जिभेवर आलाच होता. फाटकाशी बसलेला बाप आठवला, पिशवी आठवली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बोटं काही जागची हलेनात.

"बोल लवकर," मॅडम म्हणाल्या. "मी दमलेय गं."

"गाठ हाय, मॅडम," रेश्मा रडत म्हणाली. "मागल्या खेपेला हरभऱ्याएवढी व्हती. आता सुपारीएवढी झालीया."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमचा हात वर आला आणि न चाचपता नेमका त्याच जागी गेला. रेश्माची बोटं अजून तिथंच होती. मॅडमनी ती झटकली नाहीत. त्यांवर आपला हात ठेवला.

"बापाला म्हणावं, एकट्यानंच घरी जा," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "तू पास आहेस. मागच्या खेपेलाही होतीस."