कुठलाही मास्क

बर्फाच्या कारखान्यात नव्या कामगारांसमोर मॅनेजरसाहेबांची गाडी सुसाट सुटली होती. "अमोनियाला नावं ठेवू नका! बर्फ त्याच्यामुळेच होतो. दवाखान्यातल्या लसी, बाजारातली मासळी, सगळं त्याच्या जिवावर टिकतं. मास्क लावला की भ्यायचं कारणच नाही. आमचा एक ऑपरेटर गेला, तो स्वतःच्या हलगर्जीपणाने. मास्क नीट लावला नाही!"

त्या ऑपरेटरची बायको मास्कच्या कपाटापाशी उभी होती. नवऱ्याच्या जागी कामाला लागली तेव्हापासून सगळे तिला वहिनी म्हणत. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेलेल्या माणसावर दोष ढकलताना या मेल्याची जीभ कशी झडत नाही?

आता प्रात्यक्षिक. बंद खोलीत अमोनियाच्या पाण्याची बादली ठेवली होती. साहेब मास्क लावून आत जाणार, बाकीच्यांनी काचेतून बघायचं.

"कुठला देऊ, साहेब?" वहिनीने विचारलं.

"कुठलाही द्या हो! सगळे एक नंबर आहेत."

तिने नवऱ्याचा काढून दिला. त्या दिवशी त्याच्या तोंडावरून उतरवला, पुसला आणि परत कपाटात टांगला, एवढंच झालं होतं. फिल्टर तोच. "संपलाय, नवा मागवा," असं साहेबांना सांगून सांगून बिचाऱ्याच्या तोंडाला फेस आला होता.

साहेब ऐटीत आत गेले. काचेतून हात हलवला. मग तोच हात गळ्याशी गेला. दार ढकलून बाहेर आले ते खोकत, मास्क ओरबाडत, डोळे घट्ट मिटून.

"पाणी! पाणी!"

कपाटाशेजारच्या नळाची चावी वहिनीच्या हातात होती. फिटर धावत आला, त्याला तिने नजरेनेच थोपवलं.

"मास्क नीट लावला नसेल तुम्ही," ती म्हणाली.

"अहो, डोळे जातायत माझे!"

"मग त्याचं काय चुकलं होतं? सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

साहेब गुडघ्यांवर आले. "काही नाही चुकलं! फिल्टर संपला होता. त्याने सांगितलं होतं, मीच नाही मागवला. पाणी द्या हो, वहिनी!"

वहिनीने नळ सोडला. करंगळीएवढी धार आली. साहेब त्या धारेखाली तोंड धरून चाचपडत राहिले.

"मोठा करा ना, वहिनी," फिटर हळूच म्हणाला. "बोलला की तो आता."

वहिनीने नळ आणखी थोडा आवळला.