दुकानातला कॅमेरा

तिचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला होता, पण दुरुस्तीवाल्याने धीर दिला होता, “हार्ड डिस्क शाबूत आहे, ताई. घेऊन या, सगळ्या फायली काढून देतो.” त्यात तिचे भरतकामाचे नमुने होते, डोळे फोडून स्क्रीनवर एकेक टाका बसवलेले. आज दुरुस्तीवाल्याकडे न्यायला कपाट उघडलं तर तिथे ठेवलेली डिस्क गायब! ती तरातरा नवऱ्याच्या दुकानात गेली. “कपाटातली डिस्क कुठे आहे?” “ती होय? कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला लावली की! पुसून कोरी करून घेतली,” नवरा फुशारकीने म्हणाला. “आणि माझे नमुने?” “फुलंपानंच ना? पुन्हा काढशील. तुला दुसरं काम काय?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्ल्याशेजारचा स्क्रूड्रायव्हर उचलून तिने रेकॉर्डिंगचा डबा उघडला आणि डिस्क उपसून काढली. “अगं, वेड लागलं का? चोर आला तर कळणार कसं?” “येऊन गेला,” ती कडाडली. “कपाटसुद्धा फोडावं लागलं नाही त्याला.”