दुर्गाबाईंची अट

“काही निघालं नाही तं मी स्वतःच साकोलीले जाईन. तुमाले सांगा नाही लागनार,” हर्षा स्ट्रेचरवरून सासूला म्हणाली. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं.

दुर्गाबाई बाकावर टेकल्या. अट त्यांचीच होती. डॉक्टरला पोटात काही सापडलं नाही, तर सुनेनं साकोलीला माहेर गाठायचं आणि चंदननं दुसरी बायको करायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. दर महिन्याला चार दिवस ही बया पोट धरून भिंतीशी पडणार आणि मागावरची साडी तशीच अर्धी राहणार. पवनीच्या कंपाउंडरनंही पोट दाबून निकाल दिला होता, “अपेंडिक्स खाली असते. हे बाई वर बरगडीकडे बोट दाखवते. नाटक हाय सारं.” सोनोग्राफीतही काही दिसलं नव्हतं. दुर्गाबाईंनी ते आळीभर करून ठेवलं. “आमाले का पोट नव्हतं?” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

हर्षाही कमी नव्हती. रडली नाही, कुणाच्या पाया पडली नाही. या खेपेला ताप चढला, उलट्या झाल्या, तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत पाहावंच लागेल. “पाहाच,” हर्षा म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र तिनं घरी भलतंच केलं. तापातच बसून मागावरची करवतकाठी साडी पुरी केली, कापून घडी घातली आणि मागं उरलेली ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकंही छाटून टाकली.

“अवो, टोकं ठेवा लागते! नवा ताना कायले सांधशीन?” दुर्गाबाई ओरडल्या. विणकराच्या घरची बाई बाळंतपणाला गेली तरी मागावर टोकं ठेवून जाते, आल्यावर त्यांनाच नवा ताणा सांधते. हर्षा नुसती हसली. चिरफाडीच्या धसक्यानं पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, असं दुर्गाबाईंनी धरलं. तीन दिवसांच्या दवाखान्याला तिनं एवढी थोरली बॅग भरली, तीही त्याच धसक्यात.

दार उघडलं. काढलेला तुकडा घरच्यांना दाखवायची तिथली रीत होती. चंदननं तोंड फिरवलं. “आई, तूच पाह्य. मले नाही पाहवत.”

डॉक्टरीणबाईंनी ट्रे पुढं केला. “अपेंडिक्स नेहमीच्या जागी नव्हतंच. वर, यकृताखाली दडलं होतं. ती दाखवत होती, अगदी तिथंच. आणि हे काळे डाग पाहा. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर इथं बाहेर उगवलंय. दर पाळीला तेही सुजतं, रक्ताळतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. अपेंडिक्सवर क्वचितच सापडतो. तुकडा तपासायला पाठवते. पोटात आणखी दोन ठिकाणी आहे, औषधं घ्यावी लागतील. इतकी वर्षं सोसलं कसं हिनं?”

दुर्गाबाईंनी वाकून तो बोटभर तुकडा पाहिला. चार वर्षांत आपण काय काय बोललो ते सगळं एकदम आठवलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

बाई जितकी तोंडाळ तितकीच सरळ. तिथूनच त्यांनी आळीत फोन लावला. “माह्या सुनेचं दुखनं खरं होतं. सांगा साऱ्याईले.” मग कंपाउंडरला लावला आणि त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. तीन दिवस त्या खाटेपासून हलल्या नाहीत. हर्षाला भाताची पेज त्यांनीच भरवली.

चौथ्या दिवशी सुटी झाली. दुर्गाबाईंनी सुनेची वेणी घातली.

“पोरी, चुकलं माहं. अट गेली खड्ड्यात. तू जितली. आता घरी चाल. माग वाट पाहून राहिला.”

हर्षाचे डोळे भरून आले. टाके सांभाळत वाकून ती सासूच्या पाया पडली, अगदी मनापासून. चंदननं सुस्कारा सोडला.

हर्षाचा भाऊ मनिष गाडी घेऊन आला होता. पवनीला घरी सोडायला आला असेल, असं दुर्गाबाईंना वाटलं. त्यानं ती थोरली बॅग उचलून गाडीत ठेवली. “ताई, साकोलीच ना?”

“हो,” हर्षा म्हणाली.

“अवो, पन निघालं ना पोटात!” दुर्गाबाईंनी तिचा हात धरला.

हर्षानं तो हळूच सोडवला. “आई, काही निघालं नाही तं जाईन, असं म्हनलं होतं मी. निघालं तं राहीन, असं कवा म्हनलं?”