घोड्यांना सांगितलेलं

भिकुबाईने मांडवाच्या खांबाआडून पाहिलं आणि तिचा हात कपाळावर गेला. वरपक्षाच्या बायका उखर्डू टांगेवाल्याच्या घोड्यांना सरकी चारत होत्या. गोठ्यातली, बैलांसाठी भिजत घातलेली सरकी. चांगली पाटीभर.

सगळ्यांत पुढे होती नवरदेवाची आजी, ताईबाई. साक्रीकडची, उंच, ताठ मानेची. आज दुपारीच पहिल्यांदा दिसलेली बाई. दोघींचं अजून रामरामापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"खाय रे बापा," ताईबाई घोड्याला कुरवाळत म्हणत होती. "सात कोस पयना तू, आन् कोनी काडी टाकी नही तुनापुढे."

उखर्डूने मुद्दामच टाकली नव्हती. नवरदेवाला घेऊन घोडे घामाघूम आलेले. अंग सुकू दे, मग हरभरा देऊ, असं म्हणून तो पंगतीला बसला होता. बैल सरकी खातो, सावलीत बसून निवांत रवंथ करतो. घोड्याला कुठलं रवंथ! त्याला ओकतासुद्धा येत नाही. पोटात गेलं ते फुगलं की घोडा लोळायला लागतो, आणि लोळलेला घोडा उठेलच असं नाही. भिकुबाईच्या बापाची घोडी अशीच गेली होती. शिरपूरला सर्व्हिस मोटार धावायला लागली तरी उखर्डूने ही जोडी विकली नव्हती. घरातली सहा तोंडं या दोन तोंडांवर जगत होती.

ओरडायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

सकाळीच तिच्या मुलाने, चुडामणने, तिचा हात नातीच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं होतं. "माय, आज वरपक्षाले एक शबद बोलानं नही. कुंदानं लगीन शे. तुनी जीभ म्हंजे सुरी." पोरीच्या अंगाला हळद लागलेली. आता विहीण रुसली, वऱ्हाड उठलं, तर त्या हळदीचं काय करायचं?

एवढ्यात पाटी निम्मी झाली.

भिकुबाई तरातरा निघाली. ताईबाईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ उजव्या घोड्याची मोरकी धरली आणि त्याच्यावर कडाडली.

"काय रे खादाड! लाज नही का तुले? पाव्हना मायामा देतस म्हनीसन तू खास? तू काय बैल शे? संध्याकायले तुनं पोट फुगी, तू मरी जाशी, आन् नाव कोनं खराब व्हई? त्या बिचारी पाव्हनीस्नं!"

लेकीला बोलावं आणि सुनेला लागावं, ही विद्या भिकुबाईला कुणी शिकवायला नको होती.

पंगतीत वाढणाऱ्या चुडामणच्या हातातला वरणाचा पळा तसाच अधांतरी राहिला.

ताईबाईने पाटी खाली ठेवली. हात झटकले. आणि डाव्या घोड्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, पण साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "ऐकं का रे? बठ्ठा गावमा एकच बाई शहानी शे. आन् तीबी पाटी अर्धी सरनी तवय धावत ऊनी!"

भिकुबाईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते तिने आवळून धरलं.

"सांग तिले," ती आपल्या घोड्याला म्हणाली, "मनी जीभ बांधेल व्हती."

"मंग आते कशी सुटनी?" ताईबाईने आपल्या घोड्याला विचारलं.

"शपत मानसास्नी लीधी व्हती. घोडास्नी नही."

हात पुसत उखर्डू आला. घोड्याच्या ओठाला चिकटलेली सरकी त्याने पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"कोनी चारं?"

वरपक्षाच्या बायका जमिनीकडे पाहू लागल्या. ताईबाईची मान तेवढी ताठ होती, पण पायाने ती पाटी लुगड्याआड सारत होती.

"मी," भिकुबाई म्हणाली.

"अक्का, तुम्ही? तुम्हले तं बठ्ठं ठाऊक..."

"चुकनं मनं."

साठ वर्षांत हे गावाने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. उखर्डू पुढे काय बोलणार! "पानी पाजू नका," एवढंच म्हणाला. "आन् बसू देवानं नही. चालाडत रहानं."

ताईबाईने भिकुबाईकडे एकदा नीट पाहिलं. मग डाव्या घोड्याची दोरी सोडली आणि चालायला लागली. उजवा घोडा घेऊन भिकुबाई तिच्या मागोमाग.

ऊन उतरलं. मांडवाभोवती नव्या लुगड्यांतल्या दोन आज्या आणि दोन घोडे फिरतच होते. करवल्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. चुडामण दोनदा मध्ये आला आणि दोनदा परत गेला. भटजींनी अंतरपाट काढून ठेवला, गोरज टळायला आली म्हणून हाका मारल्या, पण दोन्हीकडच्या आज्यांवाचून तो धरायचा कसा? मध्येच उखर्डू घोड्याच्या पोटाला कान लावी, आणि दोघी श्वास धरून उभ्या राहत. तेवढ्यात आपल्या घोड्याच्या कपाळावरचा घाम पुसता पुसता ताईबाईने भिकुबाईच्या घोड्याचाही पुसला.

शेवटी डाव्याने शेपूट उचललं. त्याच्या मागोमाग उजव्यानेही. धपाधप लीद पडली. उखर्डूने आभाळाकडे पाहून हात जोडले.

ताईबाईने कमरेवर हात ठेवून लिदीकडे पाहिलं, मग भिकुबाईकडे. या वेळी मध्ये घोडा नव्हता.

"याहीनबाई," ती विहिणीला म्हणाली, "भटजीले सांगा, आते मुहूर्त लागना."