निळी वडी

पाहुणे अकराला येणार आणि काचेच्या भांड्यावरचा हिरवा डाग काही केल्या जाईना. साबण झाला, ब्रश झाला. शेवटी गोदाने स्वागताची समई घासायला घरून आणलेल्या राखेची पुडी सोडली, चिमूटभर ओल्या चिंधीवर घेतली आणि भांडं आरशासारखं करून सोडलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत भांडी घासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. पाहुण्यांपुढे डागाळलेलं भांडं ठेवणं तिच्या हाताला जमलं नसतं.

भांडं टेबलावर ठेवलं आणि मग तिला आठवलं. होडेकर सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गोदाबाई, काहीही लावा, राख लावू नका. राखेत क्षार असतो. क्षार लागला की माझी हिरवी पूड निळी पडते, आणि निळीतून वीज जात नाही."

पुन्हा धुवायला हात पुढे करते तोवर सर आलेच. भांड्यात अ‍ॅसिड ओतलं, त्यात पूड टाकली आणि तिला मिरकरवाड्याच्या कारखान्यातून सरबताला बर्फ आणायला पिटाळलं. सांगायला तिची जीभ उचलली नाही.

हमीद होडेकर खाडीकाठच्या राजिवड्याचे. प्लास्टिकातून वीज जात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण प्लास्टिकच्याच जातभाईतून वीज नेऊन दाखवायची, हा सरांचा चार वर्षांचा नाद. पूड दाबून रुपयाएवढी वडी पाडायची, दोन तारांमध्ये ठेवायची आणि बॅटरीचा छोटा दिवा पेटतो का बघायचं. मीटरचा काटा हलायचा, दिवा पेटायचा नाही. सर म्हणायचे, "आज काटा हलला, उद्या दिवा पेटेल." आणि संध्याकाळी गरी घेऊन निवांत खाडीवर जाऊन बसायचे. मासा लागला नाही तरी सूर गुणगुणतच घरी यायचे.

आज मुंबईच्या एका मोठ्या संस्थेचे संचालक येणार होते. दिवा पेटला की जून सत्त्याऐंशीपासून सर मुंबईला. मोठी प्रयोगशाळा, मोठा हुद्दा. प्राचार्यांनी परस्पर होकार कळवून टाकला होता, थोरल्या भावाने फ्लॅटही बघून ठेवला होता. सर सगळ्यांना हसून "बरं" म्हणाले. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. गोदाने तर दिव्यासाठी भगवतीला नारळ बोलला होता.

बर्फाची पाटी घेऊन ती आली तेव्हा खोलीत नाकाला झोंबणारा वास होता. बर्फाच्या कारखान्यात येतो तसाच. पाटीबरोबर आला असेल म्हणून तिने पाटी बाहेर ठेवली. मग भांड्यात पाहिलं आणि ती तशीच उभी राहिली.

पूड निळी झाली होती.

"काय वो गोदाबाई," सर म्हणाले, "बर्फ आणता आणता तुम्हीच गार पडलात की!"

"काय नाय, सर," ती पुटपुटली.

सरांनी पूड गाळली, मोठ्या बल्बखाली सुकवली, वडी पाडली. अकराला प्राचार्य संचालकांना घेऊन आले. वडी तारांमध्ये बसली, बटण दाबलं. दिवा काळाच. काटाही ढिम्म.

"सेल बघा, सेल!" प्राचार्य घाईला आले.

सेल बदलले. दिवा तसाच.

"होतं असं," संचालक सौम्यपणे म्हणाले. "घाई नको. चार-पाच वर्षं इथेच शांतपणे करा. मग बघू."

सरांनी मान खाली घातली. "आमचं नशीब, साहेब."

कोकम सरबत पिऊन मंडळी बाहेर पडली. प्राचार्यांचा चेहरा कढईच्या बुडासारखा झाला होता.

गोदाला राहवेना. ती सरांपुढे उभी राहून रडायलाच लागली. "माझ्यामुळं झालं, सर. भांड्याला मी राख लावली. तुमची चार वर्षं मातीत घातली मी."

"किती लावलीत?"

"वायच. चिमूटभर."

सर हसले. "अहो, भांडं धुतलंत ना? वर मी त्यात वाटीभर अ‍ॅसिड ओतलं. त्यात तुमची राख म्हणजे भाट्याच्या समुद्रात साखरेचा दाणा. तिनं पूड निळी होत नाही."

"मग कशानं झाली?"

सरांनी टेबलाखालच्या अमोनियाच्या बाटलीचं बूच घट्ट केलं; सकाळचाच तो झोंबणारा वास पुन्हा आला. त्यांनी खणाचं कुलूप काढलं. कापूस घातलेल्या काडेपेटीतून एक हिरवीगार वडी उचलली, तारांमध्ये ठेवली आणि बटण दाबलं.

दिवा लख्ख पेटला.

गोदाच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं. "सर! हा कधीपासून?"

"शुक्रवारपासून," सर म्हणाले. "आता तेवढं दार लोटा, गोदाबाई. पाहुण्यांची गाडी अजून फाटकातच आहे."